पाळी जाण्याआधीची वर्षं

वय ४४. हातात कापडी पिशवी, पिशवीत फाईल आणि फाईलमध्ये गेल्या दीड-दोन वर्षांचे कागद. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, साखर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन थोडं कमी. तक्रारी मात्र कागदांवर मावत नाहीत. छातीत धडधडतं. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. हातपाय गळून जातात. कुकर लावता लावता रडू येतं. घरी पाहुणे आले की नकोसं होतं; पूर्वी याच बाई आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. नवरा म्हणतो, चल, कोल्हापूरला दर्शनाला जाऊन येऊ. सासूबाई म्हणतात, आम्ही नाही का काढले दिवस? पाळीचं कुणी विचारत नाही, कारण पाळी चालू आहे. कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, कधी नुसता डाग, कधी आठ-आठ दिवस अंगावरून जाणं, पण येते. येते आहे म्हणजे ती जायचं वय अजून लांब आहे, असं डॉक्टरांनाही वाटतं आणि बाईंनाही.

अशी फाईल महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर सापडेल.

पाळी थांबण्याच्या काळात स्त्रियांना येणारं नैराश्य हा पुढच्या पानांचा विषय आहे, आणि त्याची ओळख करून देताना पहिला घोळ होतो तो वेळेचा. पाळी गेली की बायका उदास होतात, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं संशोधन बोट ठेवतं ते मुख्यतः पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांवर. शोधायला हवं तेव्हा कुणी शोधत नाही. शोधायला लागतात तेव्हा धोक्याचा काळ बराचसा उलटून गेलेला असतो.

सलग बारा महिने पाळी आली नाही की मागे वळून 'ती शेवटची होती' असं म्हणता येतं. वैद्यकाच्या भाषेत तीच रजोनिवृत्ती. तिच्याआधीच्या वाटचालीचे टप्पे नीट ठरवण्यासाठी २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात तज्ज्ञांची एक कार्यशाळा भरली, आणि दहा वर्षांनी त्या आराखड्यात सुधारणा झाल्या. तो साधा आहे. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की संक्रमण सुरू झालं. दोन पाळ्यांमध्ये ६० किंवा जास्त दिवस जाऊ लागले, की त्याचा उत्तरार्ध आला. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत हे ठरवायला सहसा रक्ततपासणी लागत नाही. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिले जातात, तेच पुरतं. (गौरी-गणपतीसाठी किंवा घरच्या कार्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मधूनमधून घेतल्या जातात, त्या घरांत हे कॅलेंडरही गोंधळतं. डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल आवर्जून सांगावं, हे बहुतेकींच्या मनात येत नाही.)

दुसरा घोळ वयाचा. पाश्चात्त्य देशांत शेवटच्या पाळीचं सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, आणि इंग्रजीवरून घेतलेल्या आरोग्यविषयक मजकुरात तोच आकडा आपल्याकडेही फिरत असतो. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय साधारण ४६-४७ आहे. त्यातून संक्रमणाची वर्षं वजा केली, तर अनेकींच्या बाबतीत गोष्ट चाळिशीच्या उंबरठ्यावर येते. त्या वेळी मुलगी दहावीला असते, घराचे हप्ते अर्धेही फिटलेले नसतात, सासरे अंथरुणाला खिळलेले असतात आणि ऑफिसात नुकतीच बढती मिळालेली असते. चिडचिडीला कारणं इतकी हाताशी असतात की आणखी एक कारण शरीरातही असेल, हे सुचायला जागाच उरत नाही.

वैद्यकशास्त्रालाही ते सरळ सुचलेलं नाही. इथे गेल्या सव्वाशे वर्षांत दोनदा उलटसुलट झोके घेतले गेले.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९६ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत उतरत्या वयातल्या खिन्नतेला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं. 'इन्व्होल्यूशनल मेलँकोलिया' हे त्याचं नाव. क्रेपेलिन यांच्या मांडणीत पुरुषही होते, पण हळूहळू हे लेबल पाळी जाणाऱ्या बाईला चिकटलं ते चिकटलंच. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या निदानसूचीतही ते होतं. मग मिर्ना वाइसमन यांनी १९७९ साली एक छोटा पण धारदार शोधनिबंध लिहिला. या वयातल्या स्त्रियांचं नैराश्य तरुण स्त्रियांच्या नैराश्याहून काही वेगळ्या लक्षणांचं असतं, याला आधार नाही. हा वेगळा आजार म्हणजे एक मिथक आहे, असं त्यांनी दाखवलं. १९८० च्या सूचीतून हे नाव गेलं.

जायलाच हवं होतं. चाळिशी-पन्नाशीच्या बाईनं काहीही कुरकूर केली की 'तिचं ते वय आहे' म्हणून तिला मोडीत काढायची ती एक अधिकृत सोय झाली होती. पण नाव गेलं त्याबरोबर प्रश्नही बाजूला पडला. वेगळा आजार नाही याचा अर्थ वेगळा धोकाही नाही, असा लावला गेला. हे दोन प्रश्न एक नाहीत, हे मान्य व्हायला पुढची पंचवीस वर्षं लागली.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसरंच नाटक चालू होतं. न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ साली 'फेमिनिन फॉरएव्हर' नावाचं पुस्तक लिहून, इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्या आणि आजन्म तरुण राहा, असं आश्वासन वाटलं. पुस्तक तडाखेबंद खपलं. औषध कंपन्यांचे पैसे त्यामागे होते, हे नंतर उघड झालं. लाखो बायकांनी गोळ्या घेतल्या. मग जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अमेरिकी अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. जगभर प्रिस्क्रिप्शनं कोसळली, आणि भीती आपल्याकडच्या दवाखान्यांतही पोचली ती आजतागायत आहे. अभ्यासाच्या थांबवलेल्या भागात १६,६०८ स्त्रिया होत्या आणि त्यांचं सरासरी वय ६३ होतं. त्रेसष्टीच्या बायकांवरचा निष्कर्ष पंचेचाळिशीच्या बाईला जसाच्या तसा लावला गेला. इथेही चूक वेळेचीच.

या धामधुमीत काही संशोधकांनी कंटाळवाणं पण खरं उपयोगी काम हाती घेतलं होतं. त्याच त्या बायकांना वर्षानुवर्षं भेटत राहायचं आणि विचारत राहायचं. अमेरिकेत १९९६ साली 'स्वॉन' नावाचा अभ्यास सुरू झाला. सात शहरी केंद्रं, गोऱ्या, कृष्णवर्णीय, लॅटिन, चिनी आणि जपानी वंशाच्या ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ स्त्रिया. २००६ साली बोस्टन आणि फिलाडेल्फिया इथल्या दोन स्वतंत्र गटांचे निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. दोघांनीही आयुष्यात कधीच नैराश्य न आलेल्या स्त्रियाच निवडल्या होत्या, म्हणजे 'आधीपासूनच हळवी होती' हा आक्षेप उरत नव्हता. बोस्टनच्या गटात पाळी अनियमित होऊ लागलेल्यांना नैराश्याची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली. फिलाडेल्फियाच्या गटाला आणखी एक धागा सापडला. इस्ट्रोजेनची पातळी ज्यांच्यात जास्त वरखाली होत होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त होती. २०२४ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले सात अभ्यास एकत्र मांडले. ९,१४१ स्त्रिया. संक्रमणाच्या काळात नैराश्याचा धोका त्याआधीच्या काळापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक. पाळी पूर्ण गेल्यानंतरच्या काळात मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही.

शेवटचं वाक्य पहिल्याइतकंच मोलाचं आहे.

'४० टक्के अधिक' हा आकडा बातम्यांत गेला की त्याचं '४० टक्के बायकांना डिप्रेशन' व्हायला वेळ लागत नाही. अर्थ तसा नाही. शंभरातल्या दहा जणींना एरवी त्रास झाला असता तर इथे चौदा जणींना होईल, असा त्याचा ढोबळ मासला. बहुसंख्य स्त्रिया हा टप्पा नैराश्याविना पार करतात. २०२४ सालीच 'लॅन्सेट'नं रजोनिवृत्तीवर लेखमाला काढली, तिच्यातल्या एका लेखाचा सूर तर याहून सावध होता. सरसकट सगळ्यांचा धोका वाढतो असं म्हणायला पुरावा नाही. वाढतो तो काहींचा. आधी नैराश्य येऊन गेलेल्यांचा, रात्री घामानं जाग येऊन झोपेचं खोबरं होणाऱ्यांचा आणि याच काळात मोठा आघात किंवा दीर्घ ताण वाट्याला आलेल्यांचा. लंडनचे संशोधक आणि 'लॅन्सेट'चे लेखक यांच्यात वाद आहे, पण तो दिसतो तेवढा खोल नाही. कुणीच उदास होत नाही असंही नाही आणि सगळ्याच होतात असंही नाही, इथवर दोघे एकत्र येतात. पुढचा प्रश्न कोणाला आणि केव्हा, एवढाच राहतो.

कोणाला, याचं उत्तर शोधताना एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांच्या रक्तातली हॉर्मोन्सची पातळी सारखीच निघत होती. इस्ट्रोजेन एका उतारावरून संथपणे खाली येतं, अशी जुनी कल्पना. प्रत्यक्षात संक्रमणाच्या सुरुवातीला ते कधी पूर्वीपेक्षाही वर उसळतं, आठवड्याभरात धाडकन कोसळतं, पुन्हा चढतं. आज काढलेलं रक्त आणि पुढच्या आठवड्यात काढलेलं रक्त यांत मेळ नसतो. एकदाच केलेल्या हॉर्मोन तपासणीचा कागद फाईल जाड करण्यापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही तो म्हणून. इस्ट्रोजेनचा संबंध सेरोटोनिनशी आहे, प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत तयार होणाऱ्या एका द्रव्याचा संबंध मन शांत ठेवणाऱ्या यंत्रणेशी आहे. ही घसरण-उसळण बहुतेकींचा मेंदू पचवून टाकतो. काहींचा तिला फार संवेदनशील असतो.

हे नुसतं अनुमान राहिलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले पीटर श्मिट आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. पाळी जाऊन स्थिरावलेल्या स्त्रियांचे दोन गट घेतले. एका गटातल्या स्त्रियांना संक्रमणाच्या काळात नैराश्य येऊन गेलं होतं, दुसऱ्या गटातल्यांना कधीच नव्हतं. सगळ्यांना तीन आठवडे इस्ट्रोजेनचे पॅच लावले आणि मग काहींचे पॅच त्यांच्या नकळत औषधरहित केले. इस्ट्रोजेन उतरलं दोन्ही गटांत सारखंच. उदासी परतली ती फक्त पहिल्या गटात.

या निष्कर्षाला आणखी एक पदर आहे. बाळंतपणानंतर ज्यांना नैराश्य आलं होतं, किंवा दर महिन्याला पाळीच्या आधीचे चार दिवस ज्यांना असह्य जात, त्यांनी या वर्षांत जास्त सावध राहावं, असं तज्ज्ञ सांगतात. आपल्या घरांत ही माहिती बाईच्या स्मरणातही पुसट झालेली असते. 'धाकट्याच्या वेळी माझं काहीतरी बिनसलं होतं, आईकडे चार महिने पडून होते,' एवढंच तिला आठवतं. ते वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीनं ईसीजीहून जास्त किमतीचं असू शकतं.

शरीराची बाजू इतकी ठळक मांडल्यावर परिस्थितीचं काय? अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी १९७५ साली राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ राजपूत स्त्रियांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांत पाळी जाण्याचा मोठा त्रास सांगणाऱ्या जवळपास नव्हत्याच. फ्लिंट यांचं स्पष्टीकरण असं, की पाळी गेल्यावर त्यांचा पडदा सैल होत होता. पुरुष बसलेल्या बैठकीत जाता येत होतं, बोलता येत होतं. अमेरिकी बाईला जे गमावणं वाटत होतं, तेच इथे मिळकत होतं. त्याच सुमारास पॉलिन बार्ट यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ४० ते ५९ वयाच्या ५३३ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांत नैराश्य जास्त दिसलं ते मुलांभोवतीच सगळं आयुष्य गुंडाळलेल्या आणि मुलं दूर गेल्यानं एकाएकी रिकाम्या झालेल्या आयांमध्ये. जपानमध्ये मार्गारेट लॉक यांनी बायकांना विचारलं, तर अंगातून वाफा निघण्यापेक्षा खांदे भरून येण्याची तक्रार जास्त ऐकू आली.

महाराष्ट्रात दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. 'गेली एकदाची, सुटले,' असं म्हणणाऱ्या बायका भरपूर आहेत. वारीला, तीर्थयात्रेला, देवघरात तारखेचा हिशेब न करता जाता येतं हा आनंद खराच आहे. फ्लिंट यांच्या राजपूत स्त्रियांचं समाधान मात्र पाळी गेल्यानंतरचं होतं, आणि सुटकेचा आनंद वाफांना किंवा मोडलेल्या झोपेला औषध ठरत नाही. त्याआधीची तीन-चार वर्षं कशी गेली, हे सहसा कुणी विचारलेलं नसतं.

आणि मग बीड. तिथे हा सगळा काळच कापून टाकला गेला.

दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागांतून लाखो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी बुडते, वर दंड बसतो. फडावर ना आडोसा, ना पाणी. पाळीच्या दिवसांत पोट धरून मोळ्या वाहायच्या. अशा बायका अंगावर जास्त जातं म्हणून खासगी दवाखान्यात गेल्या, की सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असं कानावर पडतं, आणि पिशवी काढली जाते. २०१९ साली हे प्रकरण गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडच्या अनेकींची वयं तिशीतली होती.

चर्चा झाली ती शस्त्रक्रियेच्या नैतिकतेची, आणि ती व्हायलाच हवी होती. त्यानंतर त्या बाईच्या मनाचं काय झालं, हा भाग वर्तमानपत्रांत जेमतेम आला. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर वर्षानुवर्षं चालणारं संक्रमण एका रात्रीत आटोपतं. हॉर्मोन्स उतरत नाहीत, तुटतात. अंडाशय ठेवले तरी त्यांचं काम नेहमीपेक्षा आधी थांबण्याची शक्यता वाढते. गर्भाशयच नाही म्हटल्यावर पाळीही नाही, म्हणजे वर सांगितलेलं कॅलेंडरही गेलं. अशा बाईला ३६ व्या वर्षी झोप येईनाशी झाली, जीव घाबरा होऊ लागला, जगणं नको वाटू लागलं, तर ते तिच्या शरीरातल्या कुठल्या बदलाशी जोडायचं याची एकही खूण तिच्या हातात उरत नाही. 'ऑपरेशनपासून अंगात कसच राहिला नाही,' असं ती म्हणते. ते वाक्य अशक्तपणाच्या खात्यात जमा होतं आणि टॉनिक मिळतं.

शरीराची तक्रार आणि मनाची तक्रार यांची ही अदलाबदल गोव्यात मोजून पाहिली गेली आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. 'अंगावरून पांढरं जातं' ही दवाखान्यातली रोजची तक्रार. तिच्यामागे जंतुसंसर्ग असणार असं धरून औषधं दिली जात. तपासण्या केल्यावर दिसलं, की या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, नैराश्याशी आणि चिंतेशी जास्त घट्ट आहे. त्या स्त्रिया ५० च्या आतल्या होत्या आणि अभ्यास पाळी थांबण्याचा नव्हता. पण धडा इथेही लागू पडतो. आपली बाई 'मी उदास आहे' असं क्वचित म्हणते. ती अंग दुखतं म्हणते, चक्कर येते म्हणते, डोकं जड झालंय म्हणते, आणि हे सगळं खरंच होत असतं.

संक्रमणातल्या नैराश्याचा चेहराही थोडा निराळा असतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या प्राध्यापक जयश्री कुलकर्णी आणि त्यांच्या गटानं २०१८ साली या काळासाठी खास प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात रडण्यापेक्षा चिडणं, लोक आपल्या मागे काहीतरी बोलतात असा संशय, नावं न आठवणं, एका जागी लक्ष न लागणं, माणसांपासून दूर होणं, स्वतःची किंमत शून्य वाटणं अशा गोष्टींना जागा आहे. दिवसभर डोळे पुसत बसलेली बाई डोळ्यांसमोर ठेवून शोधायला निघालेल्याला ही बाई सापडणार नाही. ही सुनेवर ओरडते आहे, बँकेत कॅश जुळेना म्हणून वैतागली आहे.

उपचारांचा तपशील पुढे येईलच. इथे वेळेच्या मुद्द्यापुरतं सांगायचं ते इतकं. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ सोआरेस आणि सहकाऱ्यांनी संक्रमणात नैराश्य आलेल्या ५० स्त्रियांवरची चाचणी २००१ साली प्रसिद्ध केली. इस्ट्रोजेनचा पॅच लावलेल्या ६८ टक्के स्त्रियांचं नैराश्य ओसरलं, नुसता देखाव्याचा पॅच लावलेल्यांपैकी २० टक्क्यांचं. २००४ साली दुसऱ्या एका गटानं तोच उपाय पाळी जाऊन गेलेल्या नैराश्यग्रस्त स्त्रियांवर करून पाहिला. काही फरक पडला नाही. औषध तेच, वर्षं वेगळी. अर्थात हे वाचून कुणी पॅच शोधायला निघू नये. नैराश्यासाठी म्हणून इस्ट्रोजेनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही; स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, यकृताचे विकार यांचा इतिहास असेल तर ते द्यायचं की नाही हे तज्ज्ञच ठरवतात, आणि गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. २०१८ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही पहिला मान नेहमीच्या नैराश्यविरोधी औषधांना आणि समुपदेशनालाच आहे. त्या औषधांतली काही वाफाही कमी करतात, हा वरचा फायदा. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईला पॅरॉक्सेटिन दिलं तर टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून मनाच्या डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधं बरोबर न्यावीत.

गोळ्यांशिवायचा मार्गही गोव्यानंच दाखवला आहे. 'संगाथ' या संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं. तीव्र नैराश्य असलेल्या स्त्रीपुरुषांशी त्यांनी सहा ते आठ भेटी बोलायचं: दिवस कसा जातो, सोडून दिलेली कोणती कामं पुन्हा हातात घेता येतील, कुणाला भेटता येईल. या कार्यक्रमाची चाचणी २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा तो सरस ठरला. वर्षभरानंतरही त्याचा लाभ टिकला होता. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावा लागतो अशा देशात ही लहान गोष्ट नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (बारा राज्यांच्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता) नैराश्य स्त्रियांमध्ये आणि ४० ते ४९ या वयात अधिक आढळलं होतं, आणि सर्वसाधारण मानसिक आजार असलेल्या दर शंभरांतले सुमारे ८५ जण उपचारांविना होते. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो असा विचार मनात आला, तर त्या दिवशीच तो फिरवायचा.

आता गावात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंच्या हातातला कागद पाहण्यासारखा आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांसाठी पाहणी करताना त्या एक सरकारी तक्ता भरतात. त्यात स्त्रियांसाठी वेगळे प्रश्न आहेत: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी बंद झाल्यावर रक्त जातं का, स्तनात गाठ आहे का. ते सगळे कर्करोग हुडकण्यासाठी आहेत. त्याच तक्त्यात खाली मनाचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास किंवा हताश वाटलं का. उत्तरांचे गुण तीनच्या वर गेले की पुढे पाठवायचं. पाळी आणि मन एकाच कागदावर आहेत, पण त्यांची आपसांत गाठ घातलेली नाही. पाळी पूर्वीसारखी वेळेवर येते का आणि पिशवी काढली आहे का, हे दोन प्रश्न वाढवले, तर बाकावर फाईल घेऊन बसलेल्या कितीतरी जणींचा दीड-दोन वर्षांचा फेरा वाचेल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही की नवी इमारत. तक्ता सुधारायचा आणि आशाताईंच्या एखाद्या मासिक बैठकीत त्यावर तासभर बोलायचं.